ऑनलाइन कथास्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेतेय, शब्दमर्यादा, मतं आणि नंतर कथेचं काय?

वर्तकनगरकर
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते, नोकरी महापेला. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलंय, तिथे दर महिन्याला छोटी कथास्पर्धा असते. शुक्रवारी रात्री विषय येतो, रविवारी रात्री १२ च्या आत कथा पाठवायची, मर्यादा २०० शब्द. बक्षीस वगैरे काही नाही, पहिला येईल तो पुढच्या महिन्याचा विषय देतो एवढंच. कथा नाव न घालता लावतात आणि सगळे मिळून गुण देतात. मी आत्तापर्यंत फक्त डायरीत लिहिलंय, कोणाला दाखवलेलं नाही, पण खूप इच्छा आहे. मागचा विषय होता 'किल्ली', सराव म्हणून मी घरीच लिहून बघितली तर ती २९० च्या वर गेली आणि कुठे कापायचं तेच कळेना. अजून दोन शंका. ग्रुपमधले बरेच जण एकमेकांचे जुने मित्र आहेत, मग मतं तिकडेच जाणार ना? आणि अशी कथा नंतर दिवाळी अंकाला पाठवता येते का? सुरुवातीचा भाग खाली देतेय, मोकळेपणाने सांगा.

"सकाळची वेळ होती. ठाणे स्टेशनवर नेहमीप्रमाणे प्रचंड गर्दी होती. सुमन दहा नंबरवर पनवेल गाडीची वाट बघत उभी होती. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. आज तिला आईच्या घराची किल्ली बिल्डरच्या माणसाला द्यायची होती. त्या किल्लीशी तिच्या कितीतरी आठवणी जोडलेल्या होत्या."

शाईपेन
ताई, बिनधास्त भाग घ्या. विषय तर एकदम पकडणारा आहे, ठाण्यात रीडेव्हलपमेंटमध्ये घर रिकामं करून किल्ली देणं काय असतं ते अर्ध्या लोकांनी बघितलंय, त्यामुळे वाचणारा लगेच आत येतो. फक्त तो आत येईपर्यंत तुम्ही त्याला फार वेळ बाहेर उभं ठेवलंय.

तुमची सहा वाक्यं आहेत आणि सहाच्या सहा होती, होतं, होत्या यावर संपतात. मोठ्याने वाचा म्हणजे लगेच ऐकू येईल. पहिल्या तीन वाक्यांत काही घडत नाही, सकाळ आणि गर्दी ठाणे स्टेशन म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यासमोर आपोआप येते, ती सांगायला लागत नाही. 'विचारांचं काहूर' आणि 'कितीतरी आठवणी' ही दोन वाक्यं कुठल्याही कथेत कुठल्याही बाईला लागू पडतील, सुमनची नाहीत ती. त्यापेक्षा ती काय करते आणि किल्ली दिसते कशी ते दाखवा. मी करून बघितलं, पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या:

"दहा नंबरवर पनवेल गाडी लागली तरी सुमन चढली नाही. पर्समधली आईच्या घराची किल्ली तिने परत चाचपली. बाराच्या आत बिल्डरच्या माणसाला द्यायची होती. आईने किल्लीला बांधलेला लाल दोरा पार काळा पडलेला."

तुमचे ४० शब्द होते, हे ३० झाले, आणि तरी यात एक दोरा जास्तीचा आला. गाडी सोडली म्हणजे तिला जायचं नाहीये हे कळलं, काहूर लिहावं लागलं नाही. असंच पुढच्या भागावर करा, ९० शब्द सहज निघतील. आणि शेवट मात्र कापू नका हं घाईघाईत, लोक नेहमी सुरुवात भरपूर पसरवतात आणि मर्यादा आली की शेवट दोन वाक्यांत गुंडाळतात, तिथे कथा जाते.

घणसोलीकर
शाईपेन यांनी मस्त करून दाखवलंय, मी फक्त शब्द मोजण्याचं सांगतो कारण त्यावरून दरवेळी भांडणं होतात. वर्ड असो की गूगल डॉक्स, दोन्ही मोकळी जागा बघून शब्द मोजतात. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं असतं, 'घरासमोर', 'तिच्याबरोबर', 'त्यामुळे' हा एकेक शब्द, पण मोबाइलवर टाइप करताना 'घरा समोर', 'तिच्या बरोबर' असं तुटतं आणि फुकटचा शब्द वाढतो. 'हळूहळू' पण तसंच. वर्डमध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेला डॅशसुद्धा एक शब्द धरला जातो. हे सगळं नीट केलं तरी दहाबारा शब्द निघतात आणि शुद्धलेखन पण सुधारतं. बोलून टाइप करत असाल तर नंतर विरामचिन्हं आणि जोडशब्द नक्की तपासा, तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

आणि नियम आधी वाचा, '२०० शब्दांपर्यंत' आणि 'बरोबर १०० शब्द' यात फार फरक आहे. शशक म्हणजे शतशब्दकथा असेल तर ९९ पण चालत नाही आणि १०१ पण नाही. अलक म्हणजे अति लघुकथा, तिला तसं आकड्याचं बंधन नसतं, चारसहा ओळींत संपली की झालं. शीर्षक शब्दसंख्येत धरतात की नाही तेही विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

नेरूळची_मावशी
आम्ही नेरूळ-सीवूड्सकडची मंडळी मिळून अशीच स्पर्धा चालवतो म्हणून मतांबद्दल सांगते. मित्रांना मतं जाणार ही भीती खरी आहे, पण ती नियमांनी बरीच कमी करता येते. आमच्याकडे एकाच कथेला मत देता येत नाही, तीन कथांना ३, २, १ असे गुण द्यायचेच. म्हणजे तुम्ही मैत्रिणीला ३ दिलेत तरी उरलेल्या दोन जागांसाठी बाकीच्या कथा वाचाव्याच लागतात. दुसरं म्हणजे स्वतःच्या कथेला गुण नाहीत, आणि प्रत्येक कथेवर निदान दोन ओळी लिहिल्याशिवाय तुमचे गुण धरत नाही. हा दोन ओळींचा नियम आणल्यावर सुरुवातीला कुरकुर झाली खूप, की एवढा वेळ कोणाला आहे, पण आता लोक त्या दोन ओळींसाठीच थांबतात.

गूगल फॉर्म वापरत असाल तर त्यात एका माणसाला एकदाच उत्तर देता येईल अशी सोय आहे, त्याला लॉगिन लागतं. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल असंही करता येतं, ते जरूर करा. यादीत वर असलेल्या कथा ताज्या डोळ्यांनी वाचल्या जातात, खालच्या पोचेपर्यंत माणूस दमतो, त्यात कथेचा काय दोष.

नाव लपवलं तरी सवयीचे लोक ओळखतात हे मात्र धरून चला. कोणाला तीन टिंबांची सवय असते, कोणाच्या कथेत पाऊस असतोच. त्याचं काही करता येत नाही.

माझं एक मनापासून सांगणं, गुण किती मिळाले ते बघाच पण त्या दोन ओळी जपून ठेवा. 'छान', 'आवडली' याचा उपयोग नाही, पण कोणी लिहिलं की 'सुमन परत का फिरली ते मला कळलं नाही', तर ते वाक्य सोन्यासारखं आहे, कारण तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरलंय की नाही हे तुम्हाला स्वतःला कधीच दिसत नाही. आणि दुसऱ्याच्या कथेवर तुम्हीही तसंच लिहा, कुठे अडखळलात ते नेमकं सांगा. दुसऱ्याची कथा कुठे सैल पडली ते शोधायची सवय लागली की आपली कापताना हात कमी थरथरतो.

शाईपेन
मावशी १००% सहमत. नवीन माणसाला फक्त 'छान छान' म्हणून आपण त्याचं भलं करत नाही.

कोर्टनाका
दिवाळी अंकाचं मी सांगतो. बहुतेक अंक कथा 'पूर्वप्रसिद्ध नसावी' अशी अट घालतात. उघड्या वेबसाइटवर किंवा फेसबुकवर सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली कथा बरेच संपादक प्रसिद्ध झालेलीच धरतात. बंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल मतं वेगवेगळी आहेत, म्हणून पाठवताना मेलमध्येच एका ओळीत सांगून टाका की एवढ्या लोकांच्या ग्रुपमध्ये वाचली गेली आहे, म्हणजे नंतर वाद नको. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंक निघताहेत, अंक काढणाऱ्यांना नवीन कथा हवीच असते, पण २०० शब्दांची तशीच्या तशी पाठवण्यापेक्षा त्यातलं बीज घेऊन मोठी कथा लिहा. किल्लीत तर दीड हजार शब्दांचं सामान नक्की आहे, आई कुठे आहे आता, भावाचं काय म्हणणं, हे सगळं बाहेरच राहिलंय.

हक्कांचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि तुम्ही लिहिलीत की कथा तुमची, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. मित्रामित्रांच्या स्पर्धेत हा प्रश्न येत नाही, पण उद्या कुठल्या मोठ्या स्पर्धेच्या नियमांत 'सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे' असं दिसलं तर तिथे थांबा आणि विचार करा. प्रवेश फी असेल तर तर नक्कीच. नुसत्या कल्पनेला मात्र कॉपीराइट नसतो, किल्लीवर शंभर जण लिहू शकतात.

घणसोलीकर
चॅटजीपीटीबद्दल तुमच्या ग्रुपचा नियम काय आहे? आमच्याकडे यावरून मध्ये बरंच तापलं होतं. शेवटी ठरलं की शुद्धलेखन तपासायला चालेल, कथा लिहून घ्यायला नाही. मला तरी हेच बरोबर वाटतं, बक्षीस नसलेल्या स्पर्धेत दुसऱ्याकडून लिहून घेऊन मिळणार काय, लिहायची मजा तर गेलीच.

वर्तकनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शाईपेन, तो लाल दोरा वाचून मला एकदम आमच्या जुन्या चाळीतली किल्ली आठवली, तिला दोरा नव्हता पण पांढऱ्या रंगाचा ठिपका होता ऑइलपेंटचा, अंधारात ओळखू यावी म्हणून बाबांनी लावलेला. मी तोच घालतेय, दोरा तुमचा तुमच्याकडे ठेवते. काल घरी येताना रबाळ्याच्या पुढे बसायला मिळालं तेव्हा मोबाइलवरच कापायला घेतली, २१४ वर आलेय. मावशी, अजून एकच विचारते, कथा लावल्यावर चूक दिसली तर बदलून मागितलेली चालते का?

नेरूळची_मावशी
पांढरा ठिपका फारच छान, तोच ठेवा. चुकीचं म्हणाल तर मत द्यायला सुरुवात व्हायच्या आधी आम्ही टायपो बदलून देतो, वाक्य बदलून देत नाही, कारण आधी वाचलेल्यांनी वेगळी कथा वाचलेली असते. तुमच्याकडे जे चालवतात त्यांना शुक्रवारीच विचारून ठेवा. आणि रविवारी रात्री ११:५५ ला पाठवू नका, दुपारी लिहून संपवा, संध्याकाळी तासभर बाजूला ठेवा, मग एकदा मोठ्याने वाचून पाठवा. १४ शब्दच राहिलेत, 'खूप', 'अगदी', 'एकदम' शोधा आधी.