विभागीय शालेय स्पर्धेचं ठिकाण: सोय नेमकी कुणाची?

भीमाकाठ
मी सोलापूर जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. शालेय खेळांच्या आपल्या पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे येतात. तालुका, जिल्हा जिंकून पोरं विभागाला येतात, तिथं जिंकली तर राज्य. आमच्या वाट्याला विभाग म्हटलं की बहुतेक वेळा पुणंच येतं. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, आणि पत्रकावर छापलेलं असतं ‘सकाळी ८ वाजता उपस्थिती’. सकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेससुद्धा दहाच्या पुढंच पुण्यात पोचते. म्हणजे रात्रीच निघायचं किंवा आदल्या दिवशी येऊन कुठल्या तरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं. चौदा वर्षांखालची मुलगी रात्रभर जीपमध्ये बसून येते आणि सकाळी खो-खोच्या पहिल्याच सामन्यात पाठलाग करते. समोरचा संघ घरून पोहे खाऊन आलेला. ठिकाण तिन्ही जिल्ह्यांत आळीपाळीनं फिरवा, एवढंच म्हणणं आहे.

लाल_ट्रॅक
सर, ‘बहुतेक वेळा’ जरा जास्त होतंय, बाहेरही स्पर्धा जातात. मुद्द्याचं बोलतो. पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथंच झाल्या. सिंथेटिक ट्रॅक, आखलेल्या लेन, वॉर्म-अपला जागा, सगळं एका आवारात. उद्या तुम्ही मैदानी स्पर्धा मुरमाच्या मैदानावर घेतल्या आणि मधेच पाऊस आला, तर चारशे मीटरची वेळ कोण ग्राह्य धरणार? पोराला राज्याला सिंथेटिकवरच धावायचंय. त्याच पृष्ठभागावर निवड होणं हाच न्याय.

कसबापेठी
+१. आणि पुण्यातल्या मुलांना काही फुकट मिळत नाही हो. हडपसरहून बालेवाडी गाठायची म्हणजे सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. माझी मुलगी पहाटे पाचला उठते.

भीमाकाठ
@कसबापेठी, उठते ना? म्हणजे आधी झोपलेली असते.
@लाल_ट्रॅक, मैदानी स्पर्धा बालेवाडीला ठेवा, हे मी आत्ताच मान्य करतो. पण खो-खो, कबड्डीला ट्रॅक कशाला लागतो? मॅट गुंडाळून टेम्पोत टाकता येते. नगरला वाडिया पार्कचं मैदान आहे. आमच्याकडं वेळापूरला तर खो-खो बघायला अख्खं गाव लोटतं. ट्रॅकचं कारण पुढं करून बाकीचे खेळही पुण्याला का खेचायचे?

खांबाजवळ
मी स्वतः खो-खो खेळलेय, म्हणून लिहिते. अख्खं गाव लोटतं, तीच तर अडचण आहे दादा. एका गावात आमचा सामना होता. दोरीला चिकटून गर्दी, आमच्या मुलीचा एकच पाय रेषेबाहेर पडला, म्हणजे ती बाद नसली, तरी चारशे लोक ‘बाद!’ म्हणून ओरडायचे, आणि पंच यजमान शाळेच्याच ओळखीचे. शिट्टी आधी गर्दी वाजवायची, मग पंच. शिवाय मुलींसाठी एकच संडास, त्याला कडी नाही. ठिकाण फिरवा, पण फिरवलं म्हणजे न्याय झाला असं समजू नका. अंतराचा त्रास निदान वेळापत्रकात दिसतो, हा दिसतही नाही.

भीमाकाठ
ताई, पंचांचं पटलं. यजमान जिल्ह्याचा पंच यजमान संघाच्या सामन्याला नको. पण मग हाच नियम पुण्यातल्या स्पर्धेलाही लावा. पुण्यात गर्दी ओरडत नाही म्हणून तिथले पंच आपोआप तटस्थ होतात का?

लाल_ट्रॅक
खर्चाचंही बोला. पुण्यात पंच, डॉक्टर, रुग्णवाहिका हाताशी असतात. बाहेर नेलं की सगळ्यांचा प्रवास आणि मुक्काम वाढतो.

भीमाकाठ
वाढत नाही, खिसा बदलतो. आज तोच खर्च आमचे पालक वर्गणी काढून करतात, म्हणून तो कुणाच्या हिशेबात धरला जात नाही.

जुन्नरकर_पीटी
मधे पडतो. आम्ही पुणे जिल्ह्यातलेच, तरी शहर आम्हाला शंभरेक किलोमीटर. ठिकाणावरून भांडण्यापेक्षा भाग्यपत्रिका (कुणाचा सामना कुणाशी, कधी, याचा तक्ता) बदला. लांबच्या संघांचे सामने दुपारी लावा, शहरातल्यांचे सकाळी. पत्रक दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाकायची सवय सोडून पंधरा दिवस आधी काढा, म्हणजे एसटीचं आरक्षण तरी मिळेल. याला ना मैदान लागतं, ना निधी.

कसबापेठी
हे ठीक वाटतं. पण दुपारी सामने लावले तर बाद फेरी एका दिवसात संपणार नाही. दहावीच्या मुलांचे दोन दिवस बुडतील, त्याचं काय?

जुन्नरकर_पीटी
दहावीच्याच मुलांना क्रीडागुण हवे असतात ना मॅडम? लांबच्या मुलांचे येण्याजाण्यात आत्ताही दोन दिवस जातातच. शहरातल्यांचा एक जास्त गेला तर गेला.

कसबापेठी
‘गेला तर गेला’ म्हणायला तुमचं काय जातंय! प्रीलिम तोंडावर असते.

खांबाजवळ
प्रीलिम जुन्नरलाही असते.