चर्चा : फिजिओथेरपीने डॉक्टरची चिठ्ठी स्वतःहून मागून घेतली. शहाणपणा की घोडचूक?

आडवाट
१८९४ साली लंडनमध्ये चार नर्सबाईंनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूजेस' (मालिशीचं शिक्षण घेतलेल्या बायकांची संस्था) काढली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपीचं मूळ तेच. पण पहिला नियम काय, तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय मालिश करायची नाही! स्वीडनमध्ये १८१३ पासून पेर हेन्रिक लिंगची व्यायामोपचाराची संस्था होती. हा गडी डॉक्टर नव्हे, तलवारबाजीचा शिक्षक. १८८७ मध्ये तिथे व्यायामोपचार करणाऱ्यांची सरकारी नोंदणीही सुरू झाली. म्हणजे दुसरी वाट समोर दिसत होती, तरी या बायकांनी आपणहून बेडी घालून घेतली. माझ्या मते घोडचूक.

खडीसाखर
१८९४ हेच साल का, ते पाहिलंत का? त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने मालिश केंद्रांच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो म्हणून ओरड केली होती. म्हणून बाकीचे नियमही तसेच: पुरुषांना सर्वसाधारण मालिश नाही, अपवाद फक्त डॉक्टरने खास सांगितलं तर. जाहिरात फक्त वैद्यकीय नियतकालिकांत. औषधं विकायची नाहीत. अब्रूच गेली तर स्वातंत्र्य कुठे ठेवणार होतात? आणि लिंगच्या परंपरेतले पुष्कळसे लष्करी अधिकारी, पुरुष माणसं. त्यांच्याकडे कोण बोट दाखवणार?

टेकू
दोघंही युद्ध विसरताय. अमेरिकेत हा पेशा उभा राहिला तो पहिल्या महायुद्धातल्या जखमींमुळे. 'रिकन्स्ट्रक्शन एड' (जखमींना पुन्हा उभं करणाऱ्या मदतनीस) म्हणून बायका भरती केल्या, पण लष्करी हुद्दा दिला नाही. त्यांच्यातल्याच मेरी मॅकमिलन १९२१ मध्ये तिथल्या पहिल्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. चिठ्ठी असो नसो, कामच इतकं होतं की पेशा झालाच असता.

आडवाट
अब्रूचा मुद्दा पटतो. पण आज्ञाधारकपणाची किंमत पोलिओच्या रोग्यांनी मोजली. डॉक्टर म्हणाले हातपाय फळीला बांधून ठेवा, की ठेवले बांधून! हे मोडलं ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी या नर्सबाईने. लोकरी कापडाच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, घट्ट पिळायच्या, दुखऱ्या स्नायूंवर गुंडाळायच्या आणि मग अवयव हलवायला लागायचं. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली आणि हळूहळू फळ्या मागे पडल्या.

खडीसाखर
केनीबाईंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. उपचार चांगला, पण 'असं का होतं' याची त्यांची उपपत्ती बहुतेक डॉक्टरांना पटली नाही, आणि वाद वर्षानुवर्षं चिघळला. उलट विल्हेल्माइन राइट बघा. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट लोव्हेट यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी स्नायूंची ताकद तपासायची पद्धत बसवली. पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध वर उचलता येतो का? आडवा ठेवून नुसता सरकवता येतो का? की फक्त बोटाला थरथर जाणवते? आजही फिजिओ साधारण असंच तपासतात. हे डॉक्टरच्या सोबतीनेच झालं ना?

टेकू
सोबतीने म्हणा. हाताखाली कशाला?

आडवाट
तेच तर! १९२० मध्ये लंडनच्या संस्थेला रॉयल चार्टर (राजाची सनद) मिळालं, म्हणजे अब्रूचा प्रश्न तिथेच मिटला. मग ऑस्ट्रेलियाच्या संघटनेने चिठ्ठीची अट काढायला १९७६ का उजाडलं? ब्रिटनही त्याच सुमाराचं. मधली पन्नासेक वर्षं कोणती बदनामी आडवी येत होती, ते खडीसाखर यांनी सांगावं.