आधी पडदा, मग पुस्तक

'चित्रपट दाखवला की मुलं पुस्तकाला हात लावत नाहीत' असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. गेल्या पावसाळ्यात एस.वाय.च्या (पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या) वर्गाला जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' (१९७७) हा ठाकर आदिवासींवरचा चित्रपट दाखवला. तो गोनीदांच्या (गो. नी. दांडेकरांच्या) त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलाय, हे जेमतेम दोघांना ठाऊक होतं. दिवे लागले आणि मागच्या बाकावरचा, एरवी तोंडही न उघडणारा एक ठाकर मुलगा उठला. आग्यामोहोळ उतरवताना धूर कसा करतात, हे तो हातवारे करून सांगत राहिला. घंटा झाली तरी कोणी हललं नाही!

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या कादंबरीच्या तिन्ही प्रती बाहेर गेलेल्या. पोरं त्यातले ठाकरी शब्द त्याला विचारत होती, आणि तो वहीच्या मागच्या पानावर अर्थ लिहून देत होता.