‘लक्ष्मी निवास’: पहिला आठवडा कसा वाटला?

सदाफुली
ही मालिका झी मराठीवर २३ डिसेंबर २०२४ला सुरू झाली. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी नवरा-बायको म्हणून छान शोभतात. स्वतःचं घर व्हावं, मुलींची लग्नं व्हावीत, हा विषयही जवळचा. पण रोजचा ८ ते ९ असा अख्खा तास जड जातोय. माणसं इतकी की कोण कोणाचं हे कळेपर्यंत प्रसंग संपतो, आणि एका वाक्यावर सगळ्यांचे चेहरे फिरून दाखवतात. हा वेग सुधारेल का? बघत राहावी का?

पटकथावेडा
चेहरे कमी होतील असं वाटत नाही. जाहिराती आणि प्रोमो मिळून तासाला कमाल १२ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे जवळपास ४८ मिनिटांचा मजकूर रोज उभा करायचा. चेहऱ्यांच्या शॉटला पाठांतर लागत नाही, लायटिंगही फारसं बदलावं लागत नाही. हॉलमध्ये आठ जण, प्रत्येकी ३ सेकंद. अशा चार जागा आल्या की दीड मिनिट भरलं. त्यापेक्षा एका भागात कथेचे किती धागे घेतलेत ते बघा. दोन असले तर प्रसंगाला श्वास मिळतो. चार झाले की प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटं येतात आणि काहीच मुरत नाही.

साडेआठचा_चहा
साडेआठला स्टार प्रवाहवर ‘ठरलं तर मग’ लागते, हेही धरा. टीआरपी मिनिटांच्या सरासरीवर निघतो, त्यामुळे अर्ध्यावर उठलेला प्रेक्षक अख्ख्या तासाचा आकडा खाली ओढतो. म्हणून साडेआठच्या आधी काहीतरी अर्धवट सोडणं चॅनेलला भागच आहे. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे पुढच्या गुरुवारी. पहिला आकडा प्रोमोच्या कुतूहलाचा असतो, खरं चित्र चौथ्या आठवड्यात दिसेल.

माजघर
मूळ मालिका कन्नड, त्यामुळे सांगाडा तयार आहे. मराठी लेखकांनी त्यात आपल्याकडचा हिशोब किती भरला, यावर माझं मत ठरेल. घराचा ताण आकड्यांत असतो. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज: २० वर्षांसाठी हप्ता साधारण १३,५०० रुपये. बाप निवृत्तीला आलेला आणि बँकेने पाचच वर्षं दिली तर तोच हप्ता ३१,००० च्या वर जातो. मुदत वाढवायची तर कमावत्या मुलाला सहकर्जदार करावं लागतं. मुलाने सही केली की त्याची स्वतःची कर्ज घेण्याची ऐपत आटते, आणि सुनेला तिच्या संसाराचं काय हे विचारायचा पूर्ण हक्क मिळतो. इथे कोणालाही खलनायक न करता महिनाभराचं भांडण मिळतं. हे सोडून सुनेला नुसतं भुवया उंचावायला लावलं तर विषय वाया गेला. ‘फार मोठं कर्ज आहे रे’ यापलीकडे संवाद जातोय का, कर्ज कोणाच्या नावावर ते कळतंय का, हे ऐका. मी तरी याच एका गोष्टीसाठी थांबेन.

सदाफुली
@माजघर, सहकर्जदाराचं डोक्यातच आलं नव्हतं. मग महिनाभर बघते. पार्श्वसंगीतात संवाद बुडतात, त्याला काही उपाय?

पटकथावेडा
टीव्हीच्या साउंड मोडमध्ये ‘मूव्ही’ असेल तर ‘न्यूज’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ लावा आणि सराउंड बंद करा. संगीत जाणार नाही, पण शब्द वर येतील.