मंदीतली कामगारकपात: परवानगीची अट ३०० वर नेली, बरं की वाईट?

भोसरीकर:
२०१९ला गाड्यांचा खप पडला आणि पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यात ब्लॉक क्लोजर (काही दिवस उत्पादन बंद) लागले. आधी गेले ते ठेकेदाराचे कामगार. गेटपास बंद, विषय संपला. आता औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा आला (२१ नोव्हेंबर २०२५पासून). ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात किंवा कारखाना कायमचा बंद करायला सरकारी परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून, आता ३००पासून. मला हे पटतं. शंभरचा आकडा टाळायला मालक पर्मनंट नव्वदीतच अडवायचे आणि बाकी सगळं कंत्राटावर.

शॉपफ्लोअर:
साफ असहमत. पर्मनंट वाढतील हे कशावरून? त्याच संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला मोकळं रान आहे. मुदत संपली की ती कपात धरतच नाहीत. नोटीस नाही, भरपाई नाही. अडीचशेच्या कारखान्याला पर्मनंट करायची गरजच काय?

भोसरीकर:
पण मुदतीवाल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटी बसते. ठेकेदाराच्या माणसाची ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं भरतच नाहीत, मध्येच ठेकेदार बदलतो.

हिशोबनीस:
भांडण चालू द्या, पण ले-ऑफचं गणित पक्कं ठेवा. पन्नासहून कमी कामगार असतील तर ही भरपाई नाही. बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले हवेत; बदली (दुसऱ्याच्या जागी लावलेले) आणि कॅज्युअल (तात्पुरते) कामगार यातून बाहेर. मिळतो तो बेसिक आणि डीएचा (महागाई भत्ता) निम्मा भाग, बाकी भत्ते आणि ओव्हरटाइम धरत नाहीत. बेसिक-डीए १३,००० असेल तर २६ दिवसांनी भागून रोज ५००, हातात २५०. आणि पाळीच्या वेळी गेटवर हजेरी लावायचीच. बरेच जण घरी बसतात आणि इथंच पैसे बुडतात. लेखी हजेरीचा फोटो काढून ठेवा.

कपात झाली तर पूर्ण झालेल्या दरवर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. दहा वर्षांचे १५० दिवस. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) १५ दिवसांचं वेतन, ४५ दिवसांत खात्यावर.

शॉपफ्लोअर:
हिशोबनीस, हे सगळं कपातवाल्याला. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी त्यालाच बोलवायचं, हेही त्यालाच. मुदत संपलेल्याला यातलं काही नाही, आणि मंदी सरल्यावर गेटवर रांगेत उभा राहणार तो हाच माणूस.