घुबडाच्या उलटीतले उंदरांचे जबडे सगळे अर्धेच का?

ऐरोलीची_आई:
आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबडांची जोडी राहते. खाली पडलेले केस-हाडांचे काळे गोळे मुलीने कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवले. उंदरांचे खालचे जबडे 12 निघाले, पण अखंड एकही नाही, प्रत्येकाचा अर्धाच भाग. घुबड तर उंदीर अख्खा गिळतं ना? शिवाय पुढचा दात बाहेरून नारिंगी, मागून पांढरा. एक हलकेच ओढला, तर वाकडाच्या वाकडा सरसरत बाहेर आला. दिसत होता त्याच्या दुप्पट तरी आत होता!

पाचपाखाडीकर:
हातमोजे घालू देत हं मुलीला. आणि नंतर साबणाने हात.

येऊर_पायथा:
ताई, ते तुटलेले नाहीत. आपल्या हनुवटीचे दोन भाग जन्मानंतर वर्षभरात एकजीव होतात. उंदराचे जन्मभर नुसते तंतूंनी बांधलेले असतात. मांस गेलं की सुटे. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तरी तो सांधा हातात आला की अजून थांबून बघतो.

तुम्ही ओढलात तो पटाशीचा दात. तो दाढांच्या मुळांखालून पार मागे जातो आणि मरेपर्यंत वाढतो, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. इनॅमल, म्हणजे दाताचं कडक आवरण, फक्त पुढच्या अंगाला, त्यात लोह, म्हणून नारिंगी. मागचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला भाग, त्याहून मऊ, ते आधी झिजतं आणि धार आपोआप राहते. सुताराची पटाशीच ती.

पटाशी आणि दाढांच्या मधल्या रिकाम्या जागेकडेही बघा, तिथे सुळे नसतातच. कुरतडताना खालचा जबडा पुढे सरकतो, चावताना मागे येतो. दोन्ही कामं एकदम होत नाहीत.

आता डावे-उजवे वेगळे करा. दाढा वर, पटाशी आपल्यापासून लांब, पुढे धरा. हनुवटीपाशी खडबडीत ठसा दिसेल, ती आतली बाजू. ती उजवीकडे आली तर जबडा डावा, डावीकडे आली तर उजवा.

ऐरोलीची_आई:
केलं सर! डावे 7, उजवे 4. उरलेल्या एकात मधे फटच नाही, टोकदार बारीक दात ओळीने.

येऊर_पायथा:
मग उंदीर निदान 7. आणि तो शेवटचा चिचुंद्रीचा. ती उंदरांच्या कुळातली नाही, किडे खाते. तिचा जबडा वेगळ्या डबीत ठेवा, मुलीला दोन्ही शेजारी धरून बघू देत.