'रिपॅरेटिव्ह जस्टिस'ला मराठीत काय म्हणावं?

पाणीवेस: कॉलेजच्या अंकासाठी ग्लासगो विद्यापीठावरचा लेख मराठीत करतेय. गुलामांच्या कष्टांवर गबर झालेल्यांनी या विद्यापीठाला देणग्या दिल्या होत्या. २०१८ला विद्यापीठानंच अहवाल काढून आजच्या किमतीत त्यांचा अंदाज दिला: १ कोटी ६७ लाख ते १९ कोटी ८० लाख पौंड. २०१९ला ते गुलाम जिथं राबले त्या जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरच्या वेस्ट इंडीज विद्यापीठाशी करार झाला, २० वर्षांत २ कोटी पौंड उभे करायचे. याला ते 'रिपॅरेटिव्ह जस्टिस' म्हणतात, म्हणजे जुना अन्याय मान्य करून आज त्याचं काही देणं. मी 'नुकसानभरपाई' लिहिलं, तर सर म्हणाले, एसटी अपघाताची बातमी वाटते.

सात रस्ता: बरोबर आहे सरांचं. 'परिमार्जन' लिहा. त्यात चूक कबूल करणं येतं.

पूर्व भाग: परिमार्जन म्हणजे पुसणं. त्यांनी तर डाग उघडा करून दाखवला! 'भरपाई'च ठेवा. आमच्या घरात तेलुगू, पण सुताचा हिशोब मराठीत. पैसे मिळाले की आजोबा वहीत 'भरून पावलो' लिहून देत. भरपाई त्यातलाच शब्द, असं माझं मत. तो देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा. जमैकातला माणूस म्हणेल तेव्हाच भरपाई झाली.

सात रस्ता: ही ऐकीव व्युत्पत्ती झाली. पीकविम्यात रोज वापरून तो शब्द गुळगुळीत झालाय.

पूर्व भाग: गुळगुळीत म्हणजे लोकांच्या तोंडचा. तुम्हाला तोच नको असतो.

चार पुतळा: आपल्या सोलापूरच्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या वतीनं 'भरून पावलो' कोण लिहिणार? काही हिशोबांत घेणारा उरतच नाही. तिथं भरपाई हा शब्द मला सोसत नाही.

होटगी रोड: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघितला का कुणी?

चार पुतळा: बघा, पण मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी होता. १८३१च्या त्या कोशासाठी राबलेल्या शास्त्र्यांची नावं आपल्याला येतात का? मुंबई विद्यापीठ १८५७चं, इंग्रजी राजवटीनंच काढलेलं. आपल्या विद्यापीठांनीही हे कागद उघडायला हवेत, नुसतं ग्लासगोकडे बोट नको.

होटगी रोड: कोश कुणी केला यानं अर्थ बदलत नाही.

चार पुतळा: कुणाचे शब्द कोशात आले, ते बदलतं.

पाणीवेस: अंक शनिवारी छापायला जातोय. तूर्त 'परतफेड' लिहू का?

पूर्व भाग: परतफेड कर्जाची असते. यांनी कर्ज कुठं घेतलं होतं?

सात रस्ता: 'फेडणे' म्हणजे सोडणंही. लुगडं फेडणं, गाठ फेडणं. कर्ज फेडणं त्यातूनच आलं असावं का?